खेळातल्या पात्रावर जडलेला जीव

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

ऑनलाइन खेळांविषयीचा केंद्राचा कायदा ऑगस्ट 2025 मध्ये संमत झाला, तेव्हापासून वृत्तपत्रांतून, दूरचित्रवाणीवरून आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर या खेळांची बरीच चर्चा झाली. पैसे लावून खेळण्यापायी कर्जबाजारी झालेली घरे आणि मोबाइलपायी अभ्यास बुडवणारी मुले, हेच तिचे मुख्य विषय होते. दोन्ही प्रश्न खरे आहेत आणि त्यांवर बोलले गेलेच पाहिजे. मात्र ज्या खेळांत माणूस एक पात्र घडवतो आणि त्या पात्राच्या रूपाने वर्षानुवर्षे हजारो अनोळखी माणसांबरोबर एका काल्पनिक जगात वावरतो, ते भूमिकाप्रधान खेळही या चर्चेत सरसकट त्याच रांगेत बसवले जातात. खेळाडूचा जीव त्या पात्रात का गुंततो, याचा विचार फारसा कोणी करत नाही. मी नौपाड्यात राहते, ऐरोलीला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते आणि असे खेळ बरीच वर्षे खेळत आले आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी मुलाचे दहावीचे वर्ष सुरू होताच त्याचे खेळातले पात्र पुसून टाकले. मुलगा क्लासला गेलेला असताना त्यांनी हे केले. पात्र चुकून पुसले जाऊ नये यासाठी त्या खेळात ‘डिलीट’ हे इंग्रजी अक्षर अन् अक्षर स्वतः टंकावे लागते. ते त्यांनी टंकले. संगणक आणि इंटरनेट अभ्यासाला लागतात म्हणून ते तसेच ठेवले. मुलाने त्यावर अवाक्षर काढले नाही, त्यामुळे त्याला फारसे काही वाटले नसावे असा त्यांचा समज झाला. पुढे कधीतरी ते मला म्हणाले, “परीक्षा झाली की नवीन बनव म्हणावं, फुकटच असतं ना ते?” प्रश्न प्रामाणिक होता आणि असा प्रश्न पडणारे पालक ठाणे-नवी मुंबईत हजारोंनी असतील, म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर द्यावेसे वाटते.

नवे पात्र फुकट बनते, हे खरे आहे. वंश निवडायचा, योद्धा की मांत्रिक हे ठरवायचे, मग नाकाची लांबी, भुवयांची ठेवण, आवाजाची पट्टी असे एकेक पाहत बसायचे; हौशी खेळाडूचा यात तास-दोन तास सहज जातो. परंतु त्या पहिल्या संध्याकाळी त्या पात्रात कोणाचाच जीव नसतो. तो पुढे जडतो आणि त्यामागे निव्वळ केलेले काम असते. माझे पात्र हीलरचे, म्हणजे लढाईत इतरांच्या जखमा भरून काढण्याचे आहे. आमचा सर्व्हर युरोपातला असल्याने तिकडचे रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा होतात. शिवाय इथून दिलेली आज्ञा तिथे पोहोचून तिचा परिणाम इथे दिसायला सेकंदाचा दहावा हिस्सा तरी जातोच, त्यामुळे आघात झाल्यावर उपचार करू म्हटले तर समोरचा गडी तोवर मेलेला असतो. आघात कोणावर होणार हे ओळखून बटण आधीच दाबावे लागते. हे अंगवळणी पडायला फार काळ गेला. पात्राच्या बँकेत एक जुनी काठी आहे. तिच्याहून सरस शस्त्रे केव्हाच येऊन गेली आणि ती विकली तर एक खण मोकळा होईल, हे मला कळते. पण ज्या लढाईत ती मिळाली, तिथे पंचवीस जणांचा आमचा चमू आठवडेच्या आठवडे एकाच राक्षसाच्या हातून मरत होता, आणि तो अखेर पडल्यावर ही काठी कोणाला द्यायची याची चर्चा झाली तेव्हा तिच्यावर सर्वांत जास्त हक्क असलेल्या पोलिश खेळाडूने ‘तिला द्या’ असे म्हटले होते. नव्या पात्राला नवी काठी मिळेल, पण हा व्यवहार त्याच्या नावावर कुठून येणार?

माझे माहेर कुडाळकडचे, त्यामुळे मला या खेळांची खरी भावंडे दशावतारात दिसतात. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरते आणि संवाद नट रंगमंचावरच रचतात. समोरचा काय बोलेल याची खात्री नसते, तरी आपल्या राजाने किंवा राक्षसाने आपल्या स्वभावाला धरूनच उत्तर द्यायचे असते. देवाचे सोंग घेतलेल्या नटाच्या पाया पडणाऱ्या वृद्ध बायका मी लहानपणी पाहिल्या आहेत; तो गावातलाच माणूस आहे हे त्यांना माहीत नव्हते असे मुळीच नाही. भूमिकाप्रधान खेळ मन लावून खेळणारे असेच वागतात. फरक असलाच तर इतका, की तिकडे प्रयोग पहाटे संपतो आणि इकडे तो वर्षानुवर्षे चालू राहतो; प्रेक्षक कोणीच नसतो, जमलेले सगळेच रंग लावून उभे असतात. गिल्डमधली, म्हणजे खेळात कायम एकत्र खेळणाऱ्या आमच्या मंडळातली, माणसे मला माझ्या पात्राच्या नावाने हाक मारतात, आणि ते पात्र संकटात पळून जात नाही अशी त्याची ख्याती असल्याने मलाही पळून जाता येत नाही.

उत्तम चित्रांमुळे मुले भुलतात, असे एक स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. ते पुरेसे नाही. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी 1978 मध्ये सुरू केलेल्या ‘मड’ या खेळात एकही चित्र नव्हते. सारे जग केवळ शब्दांत वर्णन केलेले असे. लढाईत मारले गेलेले पात्र त्यात कायमचे नाहीसे होई, आणि तरीही किंवा त्यामुळेच माणसे त्याला जपत. पात्राचा परिणाम उलट दिशेनेही होतो, हे निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2007 मध्ये दाखवले. ज्यांना आभासी जगात उंच देह देण्यात आला, ते पैशांच्या वाटणीची घासाघीस करताना बुटका देह मिळालेल्यांपेक्षा अधिक ताठ राहिले. म्हणजे माणूस पात्राला घडवतो आणि काही प्रमाणात पात्रही त्याला घडवते. लाजाळू मुलगा गिल्डचा म्होरक्या म्हणून चाळीस जणांना शांतपणे सूचना देत असेल, तर ते बोलणे त्याचेच असते.

व्यसनाचा मुद्दा मी टाळणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात 1 जानेवारी 2022 पासून गेमिंग विकाराचा समावेश आहे. मात्र त्या व्याख्येत पात्रावरील प्रेमाचा उल्लेख नाही. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला प्राधान्य मिळत जाणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच ठेवणे, या गोष्टी साधारणपणे किमान 12 महिने दिसल्या आणि त्यामुळे घर, शिक्षण, नोकरी यांचे लक्षणीय नुकसान होत असले, तर तो विकार. अशा माणसाला डॉक्टरांकडे न्यावे, यात दुमत नाही. पण आपल्या योद्ध्याबद्दल तासभर बोलणारा मुलगा आणि आंघोळ-जेवण विसरलेला मुलगा यांत फरक आहे, आणि तो पाहायचा तर मुलाच्या शेजारी बसून थोडा वेळ खेळ पाहावा लागतो. त्याला बहुतेक पालक तयार नसतात. आमच्या गिल्डमध्ये परीक्षा, बाळंतपण, गावची जत्रा अशी कारणे सांगून रजा घेण्याची सरळ पद्धत आहे आणि रजेवरून परतलेल्याची जागा राखलेली असते. त्या दहावीच्या मुलालाही मार्चपर्यंत रजा घ्यायला लावता आली असती.

गुंतलेल्या जिवाचा बाजार मांडणाऱ्या कंपन्यांबद्दल मात्र मला जराही सहानुभूती नाही. ‘गाचा’ पद्धतीच्या खेळांत पात्र घडवायचे नसते, ते सोडतीत लागावे लागते. 2020 मध्ये आलेला ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. एखादे पात्र मोजक्या दिवसांपुरतेच सोडतीत ठेवायचे, त्याआधी त्याची करुण कथा सांगून खेळाडूला हळवे करायचे, आणि मग पुन्हापुन्हा सोडत काढण्यासाठी त्याला पैसे खर्च करू द्यायचे, असा हा धंदा आहे. आत काय निघेल हे माहीत नसताना पैसे देऊन खेळातल्या बंद पेट्या उघडण्याच्या अशाच प्रकाराला बेल्जियमने 2018 मध्येच जुगारात धरले. पालकांना घरात काही बंदच करायचे असेल, तर मुलाच्या फोनवर जोडलेले आपले कार्ड आधी काढावे.

या नात्याची खोली किती असू शकते, हे नॉर्वेतील मॅट्स स्टीन या तरुणाच्या आयुष्यातून जगाला कळले. स्नायू क्षीण करत नेणाऱ्या डुशेन या आजाराने तो 2014 मध्ये वयाच्या 25 व्या वर्षी गेला. चाकाच्या खुर्चीत बसून खेळण्यात आपल्या मुलाचे आयुष्य एकाकी सरले, असे आई-वडिलांना वाटत होते. त्याने मागे ठेवलेल्या पासवर्डच्या आधारे वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची वार्ता दिली, आणि देशोदेशीच्या अनोळखी लोकांची पत्रे येऊ लागली. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या भूमिकाप्रधान खेळातील त्याच्या इबेलिन नावाच्या पात्राने कोणाची समजूत घातली होती, कोणाला घरच्यांशी पुन्हा बोलते केले होते. गिल्डमधील काही जण परदेशातून अंत्यसंस्काराला गेले. जन्मदात्यांना जे दिसले नाही ते या लोकांना दिसले होते, कारण ते त्याला त्या पात्राच्या रूपात रोज भेटत होते.

असे असूनही कायद्याने पात्र खेळाडूचे नसते. आपण घेतो तो केवळ वापराचा परवाना, आणि सर्व्हर बंद करण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवते. ‘सिटी ऑफ हीरोज’ हा खेळ 30 नोव्हेंबर 2012 रोजी बंद झाला. त्यापूर्वी खेळाडूंनी आपापली पात्रे खेळातल्या एका चौकात आणून हातात मशाली घेऊन निषेध केला, पण उपयोग झाला नाही. पुढे चाहत्यांनीच तो खेळ चालता ठेवला, आणि मूळ कोरियन कंपनीने त्यांना रीतसर परवाना दिला तो जानेवारी 2024 मध्ये. दुसरीकडे, ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या ज्या प्रकारात एकदा मेलेले पात्र पुन्हा उठत नाही, त्यात मार्च 2025 मध्ये सर्व्हरवरील हल्ल्यामुळे पात्रे मेली, तेव्हा ब्लिझार्ड कंपनीने आपलाच नियम बाजूला ठेवून ती जिवंत करण्याचे जाहीर केले. पात्र जाणे हे नुकसान असते, हे कंपन्यांना चांगले कळते असा याचा अर्थ मी घेते. युरोपात, विकलेले खेळ कायमचे निकामी करू नयेत या मागणीच्या नागरिक पुढाकाराने जुलै 2025 मध्ये 10 लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. आपल्याकडे 2020 मध्ये पबजीवर बंदी आली तेव्हा खेळाडूंच्या खात्यांचे काय होणार, हा प्रश्न हसण्यावारी गेला. तो खेळ या प्रकारातला नव्हे, पण आपली वृत्ती त्यातून दिसली.

आपल्या नव्या कायद्यात पैसे लावण्याच्या खेळांपासून ऑनलाइन सामाजिक खेळ वेगळे काढले आहेत, वर्गणी भरून खेळता येणारे खेळ त्यात बसू शकतात, आणि या क्षेत्रासाठी प्राधिकरणाचीही तरतूद आहे. या प्राधिकरणाने असा नियम करावा, की खेळ बंद करणाऱ्या कंपनीने खेळाडूंना किमान सहा महिने आधी सूचना द्यावी, ती दिल्यानंतर त्या खेळात काहीही विकू नये आणि प्रत्येकाला आपल्या पात्राची नोंद, म्हणजे त्याचे रूप, त्याचा इतिहास आणि त्याचे संवाद, उतरवून घेण्याची सोय द्यावी. यात कंपनीला मोठा खर्च नाही.

डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा, 2023 यात मृत्यूनंतर आपले हक्क बजावण्यासाठी दुसऱ्या व्यक्तीला नामनिर्देशित करण्याची तरतूद आहे. बँकेच्या खात्याला वारस लावताना आपण जशी काळजी घेतो, तशी ती खेळाच्या खात्याबाबत कोणी घेत नाही, आणि बहुतेक कंपन्यांच्या अटींनुसार खाते दुसऱ्याच्या नावे करताही येत नाही. निदान मृताच्या नातलगांना ते पात्र पाहण्याची आणि गिल्डला निरोप देण्याची मुभा तरी या तरतुदीच्या आधारे मिळावी, असे कंपन्यांना स्पष्ट सांगितले जावे. तोवर खेळणाऱ्या प्रौढांनी विम्याच्या आणि बँकेच्या कागदांच्या फाइलीत एक चिठ्ठी ठेवावी : खेळ कोणता, सर्व्हर कोणता, पात्राचे नाव काय आणि कोणत्या गिल्डला कोणत्या भाषेत कळवायचे.

आपली,
एक वाचक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)