‘काहीच झालं नाही’ म्हणणाऱ्यांना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या वाचकपत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं आहे, की ‘वाय-टू-के’, म्हणजे २००० साल उजाडताच संगणकांच्या तारखा चुकतील ही भीती, ही संगणक कंपन्यांनी उठवलेली आवई होती, लोकांना घाबरवून पैसे काढले आणि १ जानेवारी २००० ला काहीच झालं नाही. हे वाक्य मी पंचवीस वर्षं ऐकते आहे, लग्नकार्यात, लोकलमध्ये, सख्ख्या भाचीच्या तोंडूनसुद्धा. आजवर गप्प राहिले. ज्यांनी ते काम स्वतःच्या हाताने केलं त्यांच्यापैकी मी एक आहे, म्हणून हे पत्र.

मुंबईच्या सीप्झमध्ये आठ वर्षं कोबोल या जुन्या संगणकभाषेत प्रोग्रॅम लिहून मी मे १९९८ मध्ये न्यू जर्सीतल्या एका विमा कंपनीत गेले. त्याच वर्षी अमेरिकेने परदेशी तज्ज्ञांना नोकरीसाठी देण्याच्या एच-वन-बी व्हिसांची वार्षिक मर्यादा ६५ हजारांवरून १ लाख १५ हजारांवर नेली, इतकी आमच्यासारख्यांची गरज होती. काम काय होतं ते सांगते. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाला दोनच आकडे, कारण साठ-सत्तरच्या दशकात संगणकाची मेमरी महाग होती आणि माहिती भोकं पाडून भरायच्या पंचकार्डावर जागा फक्त ८० अक्षरांची. १९६५ साली जन्मलेल्या माणसाचं २००० मधलं वय काढताना संगणक ०० मधून ६५ वजा करणार, उत्तर उणे ६५. पण तो आकडा ठेवायच्या जागेत (फील्डमध्ये) उणे चिन्हाची सोयच नव्हती. उणे गळून पडायचं आणि राहायचे नुसते ६५. पस्तिशीच्या माणसाला पासष्टीचा हप्ता! प्रोग्रॅम बंद पडत नव्हता, लाल दिवा लागत नव्हता, कागदावर एक चुकीचा आकडा नीटनेटका छापून येत होता. टेस्टिंगमध्ये असे आकडे मी स्वतः पाहिले आहेत. बाकीच्या तारखांना आम्ही ‘विंडो’ लावली, म्हणजे ०० ते ४९ असेल तर आधी २० धरायचे, ५० ते ९९ असेल तर १९. जन्मतारखांना ती चालत नव्हती, कारण १९३२ साली जन्मलेले ग्राहकही होते. तिथे फाइलच मोठी करून चार आकडे बसवावे लागले, आणि ती फाइल वाचणारा प्रत्येक प्रोग्रॅम उघडावा लागला. १९९९ ची गणपती-दिवाळी माझ्या लक्षात नाही.

आता मूळ मुद्दा. त्या दोन वर्षांत माझ्या मनाला कामाने जेवढं थकवलं नाही तेवढं आपल्याच माणसांनी थकवलं. न्यू जर्सीतल्या एडिसन गावाच्या आसपासची आम्ही तीसेक मराठी कुटुंबं एकमेकांना रोज ई-मेल करायचो. आधी पाककृती, नाटकाची तिकिटं, मुलांचे जुने कपडे. १९९९ च्या उन्हाळ्यापर्यंत त्याचे दोन तट पडले होते. एका बाजूला वीज जाणार, बँका बुडणार, दुकानं लुटली जाणार म्हणणारे. दुसऱ्या बाजूला हे सगळं थोतांड म्हणणारे. अमेरिकेत या दोघांना नावं पडलीच होती, सर्वनाश होणार म्हणणारे ‘डूमर’ आणि सगळं छानच होणार म्हणणारे ‘पॉलियाना’, ती आपल्या लोकांनीही उचलली. एकदा नाव चिकटलं की त्या माणसाचं म्हणणं कुणी पुढे वाचत नव्हतं.

मी मधे सापडले. एकदा लिहिलं, की आमच्याकडे तपासणी ठीक चालली आहे, पण वयाच्या हिशेबात अशी अशी चूक सापडली. कंपनीचं नाव घेतलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी एका तटाने लिहिलं, बघा, आतल्या बाईनेच कबूल केलं. दुसऱ्याने लिहिलं, हिची नोकरीच या भीतीवर चालते, ही आणखी काय सांगणार? एका वहिनींनी तर माझ्या पगाराचा आकडा अंदाजाने लिहून पाठवला. कंपनीच्या वकिलांचीही ताकीद होती, बाहेर अक्षर बोलायचं नाही, उद्या कुणी दावा लावला तर? तेव्हापासून मी लिहिणं सोडलं. असं सगळीकडेच चाललं होतं. दाव्यांच्या भीतीने कंपन्या आपल्या तयारीची माहिती उघड करत नव्हत्या, म्हणून अमेरिकेला ऑक्टोबर १९९८ मध्ये, अशी माहिती प्रामाणिकपणे देणाऱ्याला संरक्षण देणारा वेगळा कायदा करावा लागला. वकिलांपासून तो वाचवत होता. शेजाऱ्यांपासून वाचवणारा कायदा कुठून आणायचा?

आमचे एक स्नेही होते, मी त्यांना भाऊजी म्हणायचे. त्यांनी तळघरात वीस-वीस पौंडांच्या तांदळाच्या गोण्या, तूरडाळ, पाण्याची पिंपं आणि रॉकेलचा हीटर भरून ठेवला. त्यांची इतकी टिंगल झाली की कोजागिरीला त्यांना मुद्दाम बोलावलं नाही, आणि मी त्यावर काही बोलले नाही. खुद्द रेड क्रॉस त्या वर्षी काही दिवसांचं अन्नपाणी घरात ठेवा म्हणत होती. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, फेडरल रिझर्व्हने, लोक पैसे काढायला धावतील म्हणून ५० अब्ज डॉलरच्या जादा नोटांची सोय केली होती. त्यांना कुणी वेडं म्हटलं नाही.

३१ डिसेंबरला मी ऑफिसात होते. न्यूझीलंड ठीक, जपान ठीक. आमच्याकडे दुपारचा दीड वाजला तेव्हा ठाण्यात बारा वाजले होते. आईला फोन लावला. ती म्हणाली, “दिवे आहेत गं, टीव्हीवर कंदाहारहून सुटलेली माणसं दाखवतायत, मी रडतेय.” तिला वाय-टू-के ठाऊकही नव्हतं. आमच्या मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत बॅच, म्हणजे रात्री एकामागून एक चालणारे हिशेबाचे प्रोग्रॅम, चालली, दोन किरकोळ चुका निघाल्या, त्या दुरुस्त केल्या.

आणि १ जानेवारीला सकाळी भाऊजींना ई-मेल सुरू झाल्या. तांदळाला कीड लागली का? पिंपात पोहायला येऊ का? पाडव्याला ते मंडळात आले नाहीत, पुढेही कधी आले नाहीत.

काहीच झालं नाही, हेही खरं नाही. इंग्लंडमध्ये शेफिल्डच्या एका प्रयोगशाळेत गर्भातल्या डाउन सिंड्रोमच्या तपासणीत आईचं वय चुकीचं काढलं गेलं आणि १५४ स्त्रियांना चुकीचे निकाल मिळाले. कळायला मे उजाडला. अंधार झाला नाही, कुठे दंगल झाली नाही. माझ्या विम्याच्या कागदावर येत होता तसाच एक नीटनेटका चुकीचा आकडा होता तो. दोन्ही तट ज्या रात्रीकडे डोळे लावून बसले होते, त्या रात्री तो दिसणारच नव्हता.

आपल्या वाचकाचं पत्र वाचल्यावर मी पंचवीस वर्षांनी भाऊजींना फोन केला. त्या सगळ्या धान्याचं काय केलंत, हे इतक्या वर्षांत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी फेब्रुवारीत ते गाडीत भरून गरजूंच्या अन्नकेंद्राला नेऊन दिलं होतं. मग म्हणाले, जानेवारी १९९८ मध्ये कॅनडात बर्फाचं वादळ झालं, तेव्हा माँट्रियलजवळ त्यांच्या भावाच्या घरात तीन आठवडे वीज नव्हती आणि तान्हं मूल होतं. “मी तेच डोळ्यांपुढे ठेवून भरलं होतं गं. सांगितलं असतं, पण ऐकायला कोण होतं?” मी त्यांची माफी मागितली. ती मला २००० साली मागायला हवी होती.

हे आत्ता लिहिण्याला कारण आहे. १९ जानेवारी २०३८ ला आपल्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत, म्हणजे ०-१ च्या ३२ घरांत, मोजणारी यंत्रं २,१४,७४,८३,६४७ या आकड्यावर पोचतील. पुढच्या सेकंदाला तो आकडा उणे होईल आणि त्यांना डिसेंबर १९०१ दिसेल. नव्या ६४ बिटांच्या संगणकांत हा प्रश्न बहुतेक सुटला आहे, अनेक यंत्रांत चालणाऱ्या लिनक्स या मूळ प्रणालीनेही २०२० मध्ये ३२ बिटांच्या यंत्रांसाठी सोय केली. पण एकदा भिंतीत बसवली की वीस-वीस वर्षं कुणी न उघडणारी यंत्रं असतात, पंपघरांतली, लिफ्टमधली, रुग्णालयांतली. आपल्या विंडोही कायमच्या नाहीत, ५० वर लावलेली २०५० ला संपते. २०२० च्या १ जानेवारीला न्यूयॉर्कच्या पार्किंग मीटरनी कार्डं घेणं बंद केलं होतं, कारण आतल्या सॉफ्टवेअरची मुदत तिथवरच होती आणि ती वाढवायची राहून गेली होती.

आपण आपल्या पुरवणीतून पाणीपुरवठा खातं, बँका आणि रुग्णालयं यांना एकच प्रश्न विचारावा, ही माझी विनंती: तुमच्या कोणत्या यंत्रांवर २०३८ ची तारीख घालून पाहिली, आणि काय दिसलं? उत्तरात चूक सापडली असं कुणी लिहिलं, तर ते जसंच्या तसं छापा आणि त्या माणसाला नावं ठेवणारी पत्रं छापू नका.

माझी १९९९ ची टेस्टिंगची वही अजून आहे. कुठली तारीख घातली, काय यायला हवं होतं, काय आलं, असे तीन रकाने आहेत. कुणा अभियंत्याला किंवा विद्यार्थ्याला पाहायची असेल तर आपल्या कार्यालयात घेऊन येईन.

आपली,
एक निवृत्त प्रोग्रॅमर
नौपाडा, ठाणे