तेच ऑपरेशन नाही

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, "बाबा, पुन्हा तेच ऑपरेशन!" तेच नाही गं. रिपोर्ट तू वरवर चाळलास, मी तीनदा वाचला.

तुझ्या घोट्यातल्या टॅलस हाडावरची कूर्चा, म्हणजे सांध्यातलं गुळगुळीत आवरण, जेमतेम एक-दीड मिलिमीटर जाड. तिला रक्तपुरवठा नाही, म्हणून फाटली की आपोआप भरून येत नाही. मागच्या वेळी दुर्बिणीतून खराब भाग खरवडून हाडाला बारीक भोकं पाडली. त्यातून मज्जेचं रक्त येऊन गोठतं आणि तंतुमय कूर्चा धरते. पण मूळची ताकद तिला नसते. आमच्या सुतारांच्या भाषेत, ती लांबी, म्हणजे लाकडातले खड्डे बुजवायचा लगदा, भरली होती. लहान खड्ड्याला ती पुरते. आता सीटी स्कॅनमध्ये खाली हाडातच पोकळी दिसतेय. आतून पोकळ झालेल्या लाकडावर पुन्हा लांबी फासणाऱ्या सुताराला मी कामावर ठेवणार नाही.

म्हणून या वेळी गुडघ्याच्या कमी भार येणाऱ्या कडेतून हाड आणि कूर्चा अशी अखंड गोल खुंटी काढून घोट्यात ठोकून बसवणार. खड्डा आतल्या अंगाला, मागे आहे. तिथे हत्यार सरळ पोचत नाही. त्यासाठी घोट्याचा आतला उंचवटा कापून बाजूला करायचा आणि शेवटी स्क्रूने जोडायचा. हे ऐकून मी दचकलोच. गुडघाही काही जणांचा नंतर दुखत राहतो. खुंटीचा माथा मात्र भोवतीशी सपाट हवा, जरा वर राहिला तर सगळा दाब त्यावरच. हे मला कुणी समजावावं लागलं नाही.

घोट्याची हाडं बांधून धरणारं लिगामेंट सैल आहे का, हे डॉक्टरांना नक्की विचार. घोटा मुरगळतच राहिला तर खुंटीसुद्धा झिजेल. पहिल्यांदा मुरगळला तेव्हा "दोन दिवसांत उतरेल" म्हणणारा मीच होतो. ते मनातून जात नाही.

मागच्या वेळी तू चौथ्याच आठवड्यात कुबड्या दाराआड ठेवल्या होत्यास. या वेळी साधारण सहा आठवडे पाय टेकायचा नाही. कापलेलं हाड जुळायला हवं.

गेल्या खेपेला तू कठडा धरून एकेक पायरी आडवी उतरत होतीस. मला खाली आवाजावरून कळत होतं. तुझी खाट खालच्या खोलीत हलवली आहे. कुबड्यांची रबरं झिजली होती, तीही बदलली.

तुझा,
बाबा