खांद्याला खांदा नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला 'पुरुषांच्या खांद्याला खांदा लावून' हा लेख काल सकाळी ई-पेपरवर वाचला. ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासी रेंजर बायकांना, म्हणजे आपल्याच जमिनीची आणि समुद्राची पगारी राखण करणाऱ्यांना, मराठी पेपरात पाऊण पान मिळालं, याचा आधी आनंदच झाला होता. वाचत गेले तसा तो ओसरला. शाळेतून घरी आल्यावरही डोकं शांत होईना, म्हणून लिहायला बसले आहे. मी मूळची गुहागर तालुक्यातली. गेली अकरा वर्षं ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या केर्न्सला गणित शिकवते. लेखात ज्या कुकटाउनकडच्या किनाऱ्याचा उल्लेख आहे, तो माझ्या घरापासून गाडीने चार तासांवर आहे.

मथळ्यापासूनच सुरुवात करते. बाई पोलिसात गेली, एसटी चालवायला लागली, की आपल्याकडे 'खांद्याला खांदा' ठरलेलं आहे. पण इथे हे शब्द नुसते शिळे नाहीत, ते साफ चुकीचे आहेत. या बायका रेंजर झाल्या त्याचं एक मोठं कारण असं, की त्यांच्या मुलखात काही जागा फक्त बायकांच्या आहेत. पुरुषाने तिथे खांदा लावायचा नाही, पाऊलही टाकायचं नाही. त्या जागांचं ज्ञान आजीकडून नातीकडे, मावशीकडून भाचीकडे जातं. रेंजरांच्या गटात सगळे पुरुषच असले तर त्या जागेकडे पाहणार कोण? तण माजतं, रानडुकरं जमीन उकरून टाकतात, आणि शेवटची म्हातारी गेली की तिथे काय आणि कसं करायचं हे सांगणारंही कुणी उरत नाही.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत एका रेंजर गटाबरोबर समुद्री गवताच्या मोजणीला मदतनीस म्हणून गेले होते. पहाटे सुकती लागली तेव्हा आम्ही चिखलात उतरलो. ५० मीटरची टेप किनाऱ्याकडून समुद्राकडे ताणायची, दर पाच मीटरवर ५० सेंटिमीटरची चौकट टाकायची, आणि चौकटीत गवताने किती टक्के जमीन झाकली आहे, कोणत्या जातीचं गवत आहे, पानाची लांबी किती, हे लिहून घ्यायचं. अशा तीन रेघा, एकूण ३३ चौकटी. मी गणिताची बाई, पहिल्याच चौकटीला ऐटीत पन्नास टक्के सांगितलं. माझ्या शेजारची विशीतली रेंजर मुलगी वाकली, बोटांनी पानं बाजूला करून खालची वाळू दाखवली आणि म्हणाली, तीस. तीसच होतं. मग तिने नखाएवढं लंबगोल पान माझ्या तळहातावर ठेवलं. हे समुद्रगायीचं आवडतं. थोडं पुढे चिखलात वीतभर रुंदीचा, लांबलचक चर पडलेला होता. समुद्रगाय मुळासकट चरत गेली की असा चर मागे राहतो. मला तो होडी ओढल्याचा माग वाटला होता.

भरती परत यायला लागली तशी गटातली सगळ्यात वडील बाई, जिला सगळे आंटी म्हणतात, ती म्हणाली, टोकापलीकडे एकदा बघून येऊ. गटाचा समन्वयक तरुण मुलगा होता, गाडी तोच चालवत होता. सुरूची झाडं लागायच्या आधीच त्याने इंजिन बंद केलं आणि त्या बाजूला पाठ करून वाळूत बसला. त्याला कुणी सांगावं लागलं नाही. बायकांनी फवारणीचा पंप, कोयते आणि रिकामी पोती घेतली. मीही मागोमाग निघाले. एका मोठ्या झाडापाशी आंटीने हात वर केला आणि मला म्हणाली, तू इथे बस.

मी तासभर तिथे बसले. पलीकडे काय आहे ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. त्या परत आल्या तेव्हा पोती तणाने भरलेली होती, आंटीच्या कोपरावर ओरखडे होते. तिने थर्मासमधला पहिला चहा मला दिला. आमच्या गावच्या राईत बायकांनी जायचं नाही असा एक भाग होता, लहानपणी त्याच्या कडेवरून आम्ही मुली धावत जायचो. बायकांचा असा राखलेला मुलूख मी चाळिशी ओलांडल्यावर पहिल्यांदा पाहिला, आणि तिथे आपला नंबर लागत नाही याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

हे ज्यांचं काम, त्यांना तुम्ही पुरुषांच्या खांद्याला नेऊन लावलंत. काही गटांनी तर नावातच 'बाई' हा शब्द ठेवला आहे. देशाच्या उत्तर टोकाला, पश्चिम आर्नहेम लँडमधल्या वार्डेकेन या संस्थेच्या बायका स्वतःला 'डालुक' रेंजर म्हणवतात, वायव्येकडच्या किंबर्लीतल्या बार्डी जावी लोकांच्या बायका 'ऊरानी' रेंजर. दोन्ही शब्दांचा त्यांच्या त्यांच्या भाषेतला अर्थ बाई एवढाच.

दुसरं, 'देशसेवा'. लेखात तीनदा आलं आहे, 'देशाची सेवा करणाऱ्या रणरागिणी'. इंग्रजी मजकुरातल्या 'कंट्री'चं कुणीतरी भाषांतर केलेलं दिसतं. इथले लोक कंट्री म्हणतात तेव्हा त्यांना ऑस्ट्रेलिया देश अभिप्रेत नसतो. त्यात त्यांची जमीन येते, समुद्र येतो, वारा, विस्तव, पूर्वज आणि त्या जागेच्या गोष्टी येतात. आपल्याकडे त्याला जवळचा शब्द आहे, मुलूख. तोही वापरावासा वाटला नाही? १९९२मध्ये माबो खटल्याचा निकाल लागेपर्यंत या देशाच्या न्यायालयांनी मूलनिवासींचा जमिनीवरचा मूळ हक्क मान्य केला नव्हता. त्यांच्या तोंडी देशसेवा घालणं मला फार लागलं. आणि सरकारने त्यांना 'काम दिलं' असंही लिहू नका. आर्नहेम लँडमध्ये योलंगू लोकांनी धिमुरू ही संस्था १९९२मध्येच उभी केली होती. रेंजरना पगार देणारी केंद्राची योजना आली २००७मध्ये. लोक आधी कामाला लागले होते.

राजपुत्र विल्यम यांचं नाव चार वेळा आहे, फोटोसकट. आमच्या क्वीन्सलँड राज्यातल्या मूलनिवासी महिला रेंजर नेटवर्कला २०२२मध्ये त्यांनी पर्यावरणासाठी सुरू केलेला अर्थशॉट पुरस्कार मिळाला, दहा लाख पौंडांचा, हे खरं. पण नेटवर्क सुरू झालं २०१८मध्ये, आणि ते उभं करणाऱ्या लॅरिसा हेल यांचं नाव अख्ख्या लेखात एकदाही नाही. त्या कुकटाउनजवळच्या यूकू बाजा मुलिकू लोकांच्या. एखाद्या गावातली बाई नवी रेंजर झाली आणि गटात एकटीच बाई असली, तर तिला शिकवायला, धीर द्यायला दुसऱ्या गावची अनुभवी बाई उभी राहावी, यासाठी हे सगळं आहे. पुरस्कार देणाऱ्याचं नाव लक्षात राहिलं आणि घेणारीचं गळलं, हे तुमच्या पेपरात व्हायला नको होतं.

'वणवे विझवणाऱ्या' हेही अर्धवट आहे. उत्तरेकडे कोरड्या मोसमाच्या सुरुवातीला, गवतात अजून ओल असताना, त्या स्वतः आग लावतात. हळू सरकणारी, झाडांचे शेंडे न जाळणारी आग. पुढे उन्हाळा तापला की मोठ्या वणव्याला जळायला सलग रान सापडू नये, म्हणून. आर्नहेम लँडमध्ये २००६पासून अशा आगीने हवा तापवणारे वायू किती कमी झाले ते मोजतात आणि त्याचे पैसेही मिळतात. कोकणात राब भाजताना माझी आजी पदराचं टोक वर धरून वारा कुठला ते बघायची आणि मगच काडी ओढायची. आपल्या वाचकाला हे कळलं असतं, तुम्ही सांगायला हवं होतं.

फोटोबद्दलही लिहायचं राहू नये. अंगावर पांढरे पट्टे ओढून नाचणाऱ्या बायकांचा फोटो कुठल्या तरी उत्सवातला आहे. रेंजर कामावर असते तेव्हा तिच्या अंगात लांब बाह्यांचा शर्ट असतो, खिशावर गटाचं चिन्ह, डोक्याला टोपी, आणि बूट चिखलाने भरलेले. खालच्या ओळीत 'वनरक्षक' लिहिलं आहे. ज्या दिवसाचं काम मी वर सांगितलं, त्यात सकाळभर आम्ही वन पाहिलं नाही.

जाता जाता एक घरची गोष्ट. क्वीन्सलँडच्या उत्तर टोकाला, केप यॉर्कच्या पश्चिम किनाऱ्यावर डुकरं कासवांची घरटी उकरतात, म्हणून रेंजर घरट्यांवर जाळी बसवतात. त्या कासवांत ऑलिव्ह रिडलेही असतात, वेळास-आंजर्ल्याला येतात त्याच जातीची. दर वर्षी तुम्ही कासव महोत्सवाच्या तारखा छापता, राहण्याजेवणाचे दर छापता. पहाटे काळोखात मैलभर वाळू तुडवून घरटं शोधणाऱ्या कासवमित्राला महिन्याला किती मिळतात, तो पावसाळ्यात काय करतो, हे गेल्या अकरा वर्षांत मी तुमच्याकडे वाचलेलं नाही. इथल्या रेंजरना पगार आहे, गाडी आहे, प्रशिक्षण आहे. ते मिळवायला त्यांना भांडावं लागलं. आपल्या माणसांच्या वतीने निदान विचारा तरी.

येत्या रविवारी लॅरिसा हेल यांच्या नावासह दुरुस्ती छापावी. मागच्या वेळी माझ्या पत्राचा मधला भाग जागेअभावी कापला होता. या वेळी कापायचंच असेल तर फोटोबद्दलचा परिच्छेद कापा, झाडापाशी बसले होते तो ठेवा.

आपली,
एक जुनी वाचक, केर्न्स