चि. मनूस, हिलरींविषयी

चि. मनूस,

अनेक आशीर्वाद.

नायब तहसीलदार म्हणून तुझी निवड झाली, त्याचा आनंद अजून ओसरलेला नाही. पण परवा फोनवर तू म्हणालीस, "आता डोंगर बंद, बाबा. नोकरी, पुढे संसार, यात ते कुठं बसवू?" तेव्हापासून माझ्या मनात सर एडमंड हिलरी आहेत. लहानपणी तुला त्यांची गोष्ट सांगायचो ती शिखरापाशी संपायची. २९ मे १९५३, सकाळचे साडेअकरा, तेनझिंग नोर्गे आणि हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर. तिथं ते जेमतेम पंधरा मिनिटं थांबले. पुढं हिलरी ५४ वर्षं जगले, आणि मला सांगायचं आहे ते त्या वर्षांबद्दल.

हा माणूस मूळचा न्यूझीलंडमधला मधमाश्या पाळणारा. इतका लाजाळू की एव्हरेस्टवरून उतरल्यावरही लुईझला मागणी घालायचा धीर होईना. शेवटी तिच्या आईनं फोन करून त्यांच्या वतीनं विचारलं! त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लग्न झालं. पीटर, सारा, बेलिंडा अशी तीन मुलं. बायको-मुलांना घरी ठेवून आपण डोंगरात, असं त्यांनी नेहमीच केलं नाही. मुलं लहान असतानाच सगळं कुटुंब नेपाळमध्ये, एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू भागातल्या वाटांवरून पायी हिंडलं.

त्या खुंबूतल्या शेर्पांनी त्यांच्याकडे शाळा मागितली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. काय हवं ते गावानं सांगितलं, यांनी ते उभं केलं. १९६१मध्ये खुमजुंगची शाळा झाली, १९६६मध्ये खुंदेचं रुग्णालय. सामान आणायचं तर विमान उतरायला जागा हवी, म्हणून १९६४मध्ये लुक्लाला शेतकऱ्यांकडून जमीन विकत घेऊन धावपट्टी केली. माती भुसभुशीत होती. मग शेर्पांना जमवून, हातात हात घालून, पायांनी माती तुडवत नाच करवला आणि जमीन घट्ट झाली. पुढं त्याच धावपट्टीनं गिर्यारोहकांची गर्दी आणली, जंगलावर ताण आला, याची त्यांना खंत होती. सागरमाथा राष्ट्रीय उद्यान व्हावं म्हणून ते झटले. १९७६मध्ये ते झालं. आपण केलेल्या चांगल्या कामाचे वाईट परिणामही डोळे उघडे ठेवून बघणारी माणसं सरकारी नोकरीत फार हवी आहेत, मनू.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना हात जड होतो. १९७५मध्ये हिलरी नेपाळमधल्याच फाफ्लू गावी रुग्णालय बांधत होते. ३१ मार्चला लुईझ आणि सोळा वर्षांची बेलिंडा काठमांडूहून छोट्या विमानानं त्यांच्याकडे निघाल्या. उड्डाणानंतर लगेच विमान कोसळलं. दोघीही गेल्या. पुढची कितीतरी वर्षं हिलरी खचलेले होते. तरी फाफ्लूचं रुग्णालय त्यांनी पूर्ण केलं. ज्या कामापायी घर उद्ध्वस्त झालं, त्याच कामाला पुन्हा हात लावायचा! बाप म्हणून मला ही कल्पनासुद्धा सोसत नाही, आणि एव्हरेस्टपेक्षा मला हेच मोठं वाटतं.

१९७७मध्ये ते आपल्याकडे आले. गंगासागरपासून जेट बोटींनी गंगेच्या प्रवाहाविरुद्ध हिमालयाकडे निघाले, पीटर बरोबर होता. काठाकाठानं माणसांची दाटी व्हायची. नंदप्रयागच्या धबधब्यानं बोटी अडवल्या तेव्हा पायी वर गेले. तिथं उंचीचा त्रास होऊन ते मरणाच्या दारात पोचले आणि हेलिकॉप्टरनं खाली आणावं लागलं. वय ५८.

आणि १९८५मध्ये न्यूझीलंड सरकारनं त्यांना भारतातले उच्चायुक्त नेमलं. खर्च वाचवायला आधीच्या सरकारनं दिल्लीतली कचेरी बंद केली होती, ती उघडून हा माणूस पाठवला. नेपाळ आणि बांगलादेशची जबाबदारीही त्यांच्याकडेच होती. साडेचार वर्षं त्यांनी हे काम केलं. राजनैतिक शिक्षण काही नव्हतं. पण या उपखंडात ते कुणाला परके नव्हते, ते त्या सगळ्या पायपिटीमुळे. डोंगरानं त्यांना नोकरीतून दूर नेलं नाही, नोकरीपर्यंत आणलं. तुझंही तसंच आहे. कडा चढताना साथीदाराचा दोर धरून तासन्‌तास उभं राहायचं तू शिकलीस, ते तहसील कचेरीत रोज लागेल. शिवाय एखाद्या पाड्यावर रस्ता नाही म्हणून तुझं अडणार नाही.

दिल्लीत त्यांच्या नावाचा रस्ता आहे, न्यूझीलंडच्या पाच डॉलरच्या नोटेवर त्यांचं चित्र आहे. २००८च्या जानेवारीत ते गेले, शासकीय इतमामात निरोप दिला गेला. ते सगळं ठीक. मला मात्र १९९०चा मे महिना आठवतो. पीटर एव्हरेस्टवर पोचला आणि माथ्यावरून त्यानं वडिलांना फोन केला. बायको आणि लेक गमावलेल्या बापानं मुलाला डोंगरापासून तोडलं नव्हतं.

म्हणून हार्नेस, दोर, कॅरॅबिनर काही विकू नकोस. कामावर रुजू हो, बस्तान बसव, मग सुट्टी काढून खुशाल लिंगाण्याला जा. मी अडवणार नाही, आईचीही समजूत घालतो. फक्त बरोबर कोण आहे आणि खाली कधी उतरशील, एवढं निघायच्या आधी कळवत जा.

तुझा,
बाबा