जखमी सैनिक आठवणीत का राहत नाहीत?

संपादक महोदय,

शहीद जवानांना आपण मान देतो, तिरंगा असो की कुठल्याही देशाचा झेंडा, त्यात लपेटलेलं पार्थिव बघून डोळे भरून येतातच आणि ते योग्यच आहे, पण त्याच चकमकीत ज्याचा पाय गेला, दृष्टी गेली तो जिवंत परत येतो म्हणून बातमीत फक्त आकडा बनून राहतो याचं मला फार वाईट वाटतं. अमेरिकेत पर्पल हार्ट नावाचं मेडल आहे, सध्याच्या रूपात ते १९३२ पासून दिलं जातं आणि ते शत्रूच्या हल्ल्यात जखमी झालेल्याला आणि मारल्या गेलेल्याला, दोघांनाही एकच मिळतं, मृताचं असेल तर घरच्यांच्या हाती देतात. मला हे पटतं, सांडलेल्या रक्तात लहानमोठं काय करायचं!

पण नुसतं मेडल देऊन भागत नाही हो. इंग्लंडमध्ये डॉ. लुडविग गटमन यांनी मणक्याला इजा झालेल्या सैनिकांना नुसतं पलंगावर पडून राहू दिलं नाही, २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, व्हीलचेअरवर बसलेल्या १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली आणि त्यातूनच पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं. याला म्हणतात सन्मान. नाहीतर आपण स्टेजवर शाल घालणार, फोटो काढणार आणि त्याच माणसाला कृत्रिम पाय बदलून घ्यायला, पेन्शनच्या कागदासाठी चकरा मारायला लावणार. स्मारकाच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत पुढाऱ्यांऐवजी या लोकांना आणि शहिदांच्या घरच्यांना बसवा, आणि तिथे रॅम्प आहे का तेही आधी बघा.

– एक वाचक