सूचना : अरुणाचलला निघणाऱ्यांसाठी

नमस्कार मंडळी,
रविवारी पहाटे साडेपाचला देवगिरीच्या पायथ्याशी सराव. पाणी दोन लिटर, टोपी. आपल्याकडचं ऊन सांगायला नको.

आता महत्त्वाचं. अरुणाचलच्या डोंगरांत दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचे सांगाडे अजून पडून आहेत. 1942 ते 1945 दरम्यान आसामातल्या चबुआ, दिंजनहून चीनमधल्या कुनमिंगला इंधन अन् दारूगोळा नेणारी ही विमानं. वैमानिक त्या वाटेला 'हम्प' म्हणत, म्हणजे वशिंड. पंखांवर बर्फ धरायचा, ढगात कडा दिसायचा नाही. सुमारे 600 विमानं या वाटेवर गमावली गेली. कित्येक जवान आजही बेपत्ता आहेत.

मागच्या खेपेला एकाने हातभर पत्रा घरी आणला. रिव्हेटांची रांग तशीच, कडेला पुसट आकडे. तो हातात घेतला आणि मला बोलवेना. अशाच आकड्यांवरून विमान ओळखू येतं, आत कोण होतं ते कळतं. पत्रा हलवला की तो माग तुटतो.

म्हणून कृपा करून काहीही उचलू नका. फोटो काढा, जागा टिपा, गावकऱ्यांना आणि पोलिसांना कळवा. हाडं किंवा काडतुसं दिसली तर लांबच थांबा. पासीघाटच्या हम्प संग्रहालयात आपण आधी जाणार आहोत, त्यासाठी नावं शुक्रवारपर्यंत द्या.