खांदा, खुबा आणि काठीचा हात

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबांच्या खांद्याचा एक्स-रे व्हॉट्सअॅपवर पाहिला. हाड कुठे मोडलेलं नाही, सांध्यातली जागाही शाबूत आहे. "मग हात वर का जात नाही?" या प्रश्नाचं उत्तर फोनवर देता आलं नाही, कारण तेवढ्यात आई तिच्या खुब्याचं सांगायला लागली आणि मग तुम्ही दोघं एकदम बोलत होतात. म्हणून हे पत्र. दोघांचा दुखणारा सांधा एकाच जातीचा आहे, पण बाबांना हालचाल वाढवायची आहे आणि आईला भार कमी करायचा आहे. घरात चाललंय नेमकं उलटं. बाबा हात गळ्यात बांधून झोपाळ्यावर, आणि आई विहिरीवरून कळशी घेऊन येतेय.

दोन्ही सांधे उखळीचे. एका हाडाचं गोल डोकं दुसऱ्या हाडाच्या खोबणीत बसलेलं असतं, त्यामुळे पुढेमागे, बाजूला आणि स्वतःभोवती, सगळीकडे फिरता येतं. गुडघ्याला हे जमत नाही. बाबा, तुमच्यासाठी एक गंमत: सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांध्यांचे आठ प्रकार दिलेत, त्यातला एक उलूखल. त्यात काख आणि वंक्षण (म्हणजे जांघ) आहेतच, पण दातसुद्धा आहेत! दात काही गरागरा फिरत नाहीत. म्हणजे सुश्रुताने ही वर्गवारी करताना हालचालीपेक्षा बसण्याची जागा पाहिली असावी, असा माझा तर्क. तुम्ही मूळ पाठ काढून बघा, चूक असेल तर खुशाल कान धरा.

आता खांदा. खुब्याची खोबण खोल असते, खांद्याची बशीसारखी उथळ. दंडाच्या हाडाच्या डोक्याचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्साच एका वेळी त्या बशीला टेकलेला असतो. बाकी सगळी भिस्त कडेच्या मऊ कूर्चेवर, सांध्याभोवतीच्या आवरणावर आणि चार छोट्या स्नायूंवर. शरीरातल्या मोठ्या सांध्यांमध्ये सगळ्यात जास्त निखळतो तो खांदाच, आणि बहुतेक वेळा पुढच्या बाजूला. कबड्डीत किंवा पडताना हात टेकल्यावर खांदा उतरलेली मुलं माझ्याकडे नेहमी येतात. तरुण वयात एकदा उतरला की पुन्हा पुन्हा उतरण्याची खोड लागते. तुमच्या वयात मात्र निखळताना ते चार स्नायूच फाटण्याची भीती जास्त.

बाबांचं यातलं काही नाही. त्यांचा हात मी दिवाळीत स्वतः उचलून पाहिला होता, तेव्हाही तो खांद्याच्या पातळीवर अडला होता. हाच मोठा पुरावा. स्नायू फाटलेला असता तर त्यांना स्वतःला हात उचलता आला नसता, पण दुसऱ्याने उचलल्यावर बराच वर गेला असता. कोपर कुशीला टेकवून पंजा बाहेर वळवायला सांगितलं, तेही जमलं नाही. सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन आकसलंय, यालाच फ्रोझन शोल्डर म्हणतात. मधुमेह असलेल्यांना हे इतरांपेक्षा बरंच जास्त होतं. आधी दुखण्याचा काळ, मग आखडण्याचा, मग हळूहळू सुटण्याचा. सगळं मिळून एक ते तीन वर्षं लागू शकतात. दुखणं कमी झालंय म्हणजे बाबा मधल्या टप्प्यात आहेत.

म्हणून झोळी आजच काढा. टेबलाला धरून पुढे वाकून हात लोंबता सोडायचा आणि लहान लहान गोल फिरवायचे. भिंतीवर बोटांनी वर चढत जायचं. आंघोळीच्या गरम पाण्यानंतर केलं तर बरं पडतं. थोडं ताणल्यासारखं दुखेल, ते चालेल. रात्रभर ठणकलं तर दुसऱ्या दिवशी कमी करायचं. डॉक्टर सांध्यात इंजेक्शन देऊ म्हणाले तर घाबरू नका, फक्त नंतरचे काही दिवस साखर वाढते, ती तपासत राहा.

आणि ते हाडवैद्य "एक झटका देतो, सुटेल" म्हणतायत ना, त्यांना चहा द्या, खांदा देऊ नका. ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देऊन खांदा मोकळा करतानासुद्धा वयस्कर माणसाच्या दंडाचं हाड मोडू शकतं. शिवाय काखेतून हाताच्या नसा आणि मोठी रक्तवाहिनी जाते. माझ्या मते या एका बाबतीत गावाच्या भिडेपोटी गप्प बसणं हा वेडेपणा आहे. तुम्हाला बोलायला अवघड वाटत असेल तर मी फोन करते.

आई, आता तुझं. तुझा उजवा खुबा झिजलाय आणि तू काठी उजव्याच हातात धरतेस. सगळे तशीच धरतात, कारण दुखतंय तिथे आधार द्यावा असं वाटतं. काठी डाव्या हातात घे. का, ते सांगते. चालताना डावा पाय उचललास की सगळं अंग उजव्या खुब्यावर तोललं जातं आणि कंबर डावीकडे कलायला बघते. ती सरळ ठेवायला उजव्या कुल्ल्याचे स्नायू जोरात ओढतात. ते सांध्याच्या अगदी जवळ असल्यामुळे त्यांना फार ताकद लावावी लागते, आणि तो सगळा दाब पुन्हा सांध्यावरच पडतो. साध्या चालण्यात खुब्यावर वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो. तुझे 60 किलो, म्हणजे दीडशे किलो! डाव्या हातातली काठी सांध्यापासून लांब असते, त्यामुळे तिच्यावर थोडंसं टेकलं तरी त्या स्नायूंचं काम पुष्कळ हलकं होतं. पायरी चढताना डावा पाय आधी, उतरताना काठी आणि उजवा पाय आधी. कळशी बंद. हे विनंती म्हणून लिहिलेलं नाही.

झिजेपेक्षा मला तुझ्या पडण्याची धास्ती आहे. मांडीच्या हाडाचं गोल डोकं एका बारीक मानेवर बसलेलं असतं, आणि डोक्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिन्या त्या मानेला चिकटून वर जातात. मान मोडली की बऱ्याचदा त्याही तुटतात. मग हाड जुळवलं तरी डोकं वाळून जाण्याचा धोका असतो, म्हणून उतारवयात बरेचदा बॉलच बदलतात. तात्पर्य बाबांसाठी: आई पडली, उठता येईना, पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, तर चोळायचं नाही, ओढायचं नाही, उभं करायचं नाही. जमलं तर खालीच उशी देऊन स्थिर ठेवा आणि 108 ला फोन लावा. कधी कधी मोडलेली मान एकमेकांत रुतून बसते आणि माणूस लंगडत चालतोही. तेव्हा पडल्यानंतर जांघेत दुखत राहिलं तर एक्स-रे हवाच. ऑपरेशन एक-दोन दिवसांत झालेलं बरं. पडून राहिलं की न्यूमोनिया, पायात रक्ताच्या गाठी, पाठीला जखमा अशा गोष्टी मागे लागतात, आणि जीव जातो तो बहुधा त्यांनी.

बदललेल्या सांध्याची आईला उगीच भीती आहे. जॉन चार्न्ली नावाच्या इंग्लिश सर्जननी लँकशायरमधल्या राइटिंग्टन हॉस्पिटलात आधी टेफ्लॉनची खोबण वापरली होती. ती झिजली आणि कितीतरी पेशंटची पुन्हा ऑपरेशनं करावी लागली. 1962 मध्ये त्यांनी पॉलिएथिलीन नावाचं प्लास्टिक घेतलं, आणि आजचे कृत्रिम खुबे त्याच वाटेवरचे आहेत. हे पदार्थ शरीराला चालतात का, ते बघायला त्यांनी स्वतःच्या मांडीत टोचून घेतले होते. अशा माणसावर थोडा विश्वास ठेवायला हरकत नाही. मावशीला मांडी घालू नको, खाली बसू नको, असं सांगितलं होतं ते नवा बॉल निसटू नये म्हणून. सुरुवातीचे महिने ते पाळावंच लागतं.

पाऊस यायच्या आत अंगणातलं चिऱ्यांवरचं शेवाळं ब्लिचिंग पावडर टाकून घासून घ्या, न्हाणीघरापर्यंत झापं अंथरा. न्हाणीघरात आणि संडासात पकडायला दांडे बसवायचेत. सुताराला खुंट्या मारायला सांगू नका, भिंतीत पक्के बसवणारा माणूस मी पुढच्या आठवड्यात घेऊन येतेय. आईची हाडांची घनता तपासणीही तेव्हाच करून येऊ, रत्नागिरीला एका दिवसात होईल. बाबा, त्या दिवशी तुमची एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) पण. उपाशी राहायची गरज नाही, तेव्हा ती सबब चालणार नाही.

तुमची,
मनू